थकलेले हप्ते आणि सरकारी गुपितं

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला एखादा मराठी अभियंता व्हर्जिनियातल्या संरक्षण कंत्राटदाराकडे रुजू होतो, तेव्हा सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारी गुपितं हाताळण्याच्या परवानगीचा, एसएफ-८६ हा जाडजूड फॉर्म त्याच्यापुढे येतो. त्यातला २६वा भाग पैशांचा. त्या भागाबद्दल ऐकीव माहितीच फार.

गैरसमज: डोक्यावर कर्ज असलं की सिक्युरिटी क्लिअरन्स मिळत नाही.
घराचं, गाडीचं, शिक्षणाचं कर्ज कुणाला नसतं? हप्ते वेळेवर जात असतील तर त्यावरून कुणी अडवत नाही. फॉर्म विचारतो ते थकबाकीबद्दल. गेल्या ७ वर्षांत एखादं देणं १२० दिवसांहून अधिक थकलं का, दिवाळखोरीचा अर्ज केला का, कर बुडवला का? जुगाराच्या प्रश्नाला मात्र ७ वर्षांची मुदत नाही. तिथे ‘आयुष्यात कधीही’ असंच विचारलेलं आहे.

गैरसमज: दिवाळखोरी म्हणजे खेळ संपला.
जून २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत ‘एफ’ हा निकष आर्थिक वर्तनाचा आहे. नोकरी गेली, घटस्फोट झाला, अचानक आजारपण आलं, कुणी तुमच्या नावावर परस्पर कर्ज उचललं, अशी कारणं त्यात ग्राह्य धरली आहेत. लोक वाचतात ते एवढंच. त्याच कलमाचा उरलेला अर्धा भाग म्हणतो की, त्या अडचणीत माणूस जबाबदारीने वागलेला असला पाहिजे. सावकाराचे फोन उचलले का, जमेल तसे हप्ते बांधून घेतले का, ते कागदोपत्री दाखवता येतं का, यावर प्रकरण ठरतं. किती डॉलर थकले म्हणजे नकार, असा आकडा नियमांत नाही.

गैरसमज: जुनं देणं क्रेडिट रिपोर्टवरून गळालं म्हणजे मिटलं.
सगळ्यांत जास्त माणसं फसतात ती इथे. वसुलीची कायदेशीर मुदत संपली तर सावकाराचा दावा टिकत नाही, हे खरं. पण संरक्षण खात्याचं अपील मंडळ वारंवार सांगत आलं आहे की, मुदत संपायची वाट पाहत बसणं म्हणजे प्रामाणिक परतफेड नव्हे. क्लिअरन्सवरच्या आक्षेपांची नोटीस हातात पडल्यावर घाईघाईने भरलेल्या रकमेलाही फारसं वजन मिळत नाही. मला ही भूमिका कठोर वाटते, पण बिनबुडाची नाही: तपासायची असते ती माणसाची सवय.

गैरसमज: कर्जबाजारी माणूस फितूर होतो, एवढीच सरकारची भीती.
ती भीती आहेच, आणि तिला इतिहास आहे. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि कर्जांमुळे पेचात होता. १९८५ मध्ये त्याने सोव्हिएत दूतावास गाठला आणि सुरुवातीला ५० हजार डॉलर घेतले. पुढे सरकारी पगारात न बसणारं ५ लाख ४० हजार डॉलरचं घर त्याने रोखीने घेतलं, दारात जॅग्वार उभी राहिली, तरी अटक व्हायला १९९४ उजाडलं. म्हणूनच पगाराशी न जुळणारी श्रीमंतीही ‘एफ’ निकषातच मोडते. पण बहुतेक अर्जदारांच्या बाबतीत शंका इतकी नाट्यमय नसते. जो स्वतःची देणी पाळत नाही तो गोपनीयतेचे नियम तरी पाळेल का, एवढाच प्रश्न असतो.

गैरसमज: लिहिलं नाही तर कळणार नाही.
क्रेडिट रिपोर्ट तपासनीस स्वतःच मागवतात. मग थकबाकीबरोबर खोटेपणाचाही, ‘ई’ निकषाखालचा, आक्षेप येतो. जाणूनबुजून खोटं लिहिल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देण्याचा खुलासा करता येतो, लपवण्याचा करणं फार अवघड.

गैरसमज: एकदा क्लिअरन्स मिळाला की पुढच्या तपासणीपर्यंत निश्चिंत.
आता नोंदींवर सतत नजर असते. ‘टॉप सिक्रेट’ दर्जा असलेल्यांना १२० दिवसांवरची थकबाकी स्वतःहून कळवावी लागते, आणि १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम अचानक हाती आली तर तीही. वारसाहक्काने आलेला पैसा त्यातच धरतात. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतला वाटा साताऱ्याहून व्हर्जिनियात पोचला, की तोही कळवायचा.