वर्गातील उपट्ठाक : विद्यार्थी-साहाय्यकांचा उपयोग कसा करावा

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात दोन तऱ्हेच्या शाळा एकमेकींपासून फारशा दूर नाहीत. पूर्वेकडे हिंजवडी-माणच्या बाजूस वर्ग भरून वाहतात आणि त्यांत बांधकामावरील मजुरांची, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले असतात. पश्चिमेकडे, मुळशी धरणाच्या पाण्यालगतच्या वाड्यावस्त्यांवर, पट लहान आणि एकाच खोलीत तीन-चार इयत्ता मांडी घालून बसलेल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक ठरविले आहेत. त्यांतील एक प्रशिक्षणास किंवा रजेवर गेला की सर्व इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. आपल्या विहारांतील रविवारचे धम्मवर्गही याच अवस्थेत चालतात. सहा वर्षांचे बालक आणि चौदा वर्षांची मुलगी शेजारी शेजारी, आणि शिकविणारे बौद्धाचार्य अथवा उपासिका एकच. अशा ठिकाणी मुलांपैकीच कोणाची तरी मदत घेतल्यावाचून गत्यंतर नसते. प्रश्न उरतो तो इतकाच की मदत कोणाची, कोणत्या कामासाठी, आणि त्या मुलाच्या पदरात काय पडते.

मोठ्या मुलाने लहानांना शिकवावे ही रीत इंग्रजांनी आणली असा समज आहे. प्रत्यक्षात ओघ उलटा होता. १७८९ मध्ये मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेची सूत्रे हाती घेतलेल्या अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली. ती पद्धत आपल्या शाळेतील शिक्षक मनावर घेईनात, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडे खालचा वर्ग सोपविला. १७९७ मध्ये त्यांनी लंडनला याची हकीकत छापली, आणि १७९८ पासून जोसेफ लँकास्टर यांनी तेथे शेकडो मुलांमागे एक शिक्षक ठेवून अशीच शाळा चालविली. परंतु या पद्धतीचे मोठे आकर्षण स्वस्ताई हे होते. मॉनिटर घोकंपट्टी करवून घेई. त्याच्या स्वतःच्या शिक्षणाची काळजी वाहणारा कोणी नसे. १८४६ पासून इंग्लंडात विद्यावेतन व रीतसर शिक्षण मिळणारे उमेदवार शिक्षक नेमले जाऊ लागले, त्याचे एक कारण हेच.

साहाय्यकाच्या शिक्षणाची काळजी कोणी वाहावी, याचा विचार बौद्ध परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. भगवंतांच्या धम्मप्रवर्तनाच्या पहिल्या वीस वर्षांत त्यांच्या सेवेस निरनिराळे भिक्खू असत. नंतर आनंदांची उपट्ठाक म्हणून निवड झाली. हे काम स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आठ अटी घातल्या, असे अट्ठकथा सांगतात. पहिल्या चार नकाराच्या होत्या : भगवंतांना मिळालेले चीवर मला देऊ नये, भिक्षान्न देऊ नये, त्यांच्या गंधकुटीत मला निवास देऊ नये, त्यांना आलेल्या निमंत्रणास मला नेऊ नये. लाभासाठी सेवा करतो, असे कोणी म्हणू नये हा त्यांतील हेतू. उरलेल्या चार मागण्या होत्या : मी स्वीकारलेले निमंत्रण भगवंतांनी मान्य करावे, दुरून आलेल्यांस तत्काळ भेटविण्याची मुभा असावी, शंका आली की केव्हाही विचारता यावी, आणि माझ्या अनुपस्थितीत दिलेला उपदेश मला पुन्हा सांगावा.

आठवी अट प्रत्येक शिक्षकाने मनात कोरून ठेवावी अशी आहे. आपल्या शाळांत जे मूल चुणचुणीत, त्यालाच खडू आणावयास, दुसऱ्या वर्गात निरोप न्यावयास, पाहुणे आले की पाणी आणावयास पाठविले जाते. तेवढ्यात फळ्यावर अपूर्णांकाचा पाठ होऊन जातो. मुलाला आपण निवडले गेलो याचा अभिमान असतो, आईवडिलांनाही कौतुक वाटते, आणि बुडालेल्या पाठाचा हिशेब कोणीच ठेवत नाही. आनंदांनी तो हिशेब आधीच मागून घेतला. दहा वर्षांचे मूल मागणार नाही. म्हणून शिक्षकाने तो आपण होऊन दिला पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गात हीच दृष्टी नियमांच्या रूपाने येते. सद्धिविहारिकाने उपाध्यायाला दंतकाष्ठ द्यावे, मुखप्रक्षालनाचे पाणी ठेवावे, आसन मांडावे, जागा अस्वच्छ असेल तर झाडावी, असे तेथे सांगितले आहे. आपल्याकडे गुरुसेवेचे गोडवे गाणारे बहुधा येथेच थांबतात. महावग्ग थांबत नाही. पुढे उपाध्यायाची कर्तव्ये येतात : पाठ द्यावा, प्रश्नांची उत्तरे द्यावीत, उपदेश करावा, आणि शिष्य आजारी पडला तर तेच दंतकाष्ठ, तेच पाणी, तेच आसन उपाध्यायाने शिष्यासाठी सिद्ध करावे. आचार्य आणि अंतेवासी यांच्यामध्येही हाच व्यवहार आहे.

आता झाडण्याच्या कामाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला बसावयास वेगळे गोणपाट होते, आणि शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसल्याने ते रोज घरी न्यावे व सकाळी परत आणावे लागे. शिपायाने नळ उघडला तरच तहान भागे. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. आज तसे गोणपाट नाही; पण केर कोणी काढावा, स्वच्छतागृहात पाणी कोणी ओतावे आणि पोषण आहार वाढावयास कोणी उभे राहावे, ही कामे ज्या मुलांच्या वाट्यास जातात त्यांची नावे महिनाभर लिहून पाहावीत. केरसुणीजवळ बौद्ध वस्तीतील किंवा कातकरी वस्तीवरील मुलांचीच नावे दिसू लागली, किंवा केर मुलींकडे आणि फळा मुलांकडे गेला, तर शिक्षकाचा हेतू कितीही निर्मळ असो, वर्गात वर्णव्यवस्थेचा पाठ चालू आहे असेच आम्ही म्हणू. यावर उपाय पाळीचा. प्रत्येक काम प्रत्येकाकडे, आठवड्याने बदलून, आणि यादी भिंतीवर सर्वांना दिसेल अशी. शाक्य कुमारांनी प्रव्रज्येच्या वेळी आपला नापित उपाली यास आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली, ती त्याला वंदन करावे लागून आपला कुलाभिमान गळावा म्हणून. पाळीची यादीही सरपंचाच्या मुलापासून सुरू करण्यास हरकत नाही.

शिकविण्यातील मदतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे नुसती पाळी पुरत नाही, योजना लागते. पहिला क्रमांक असणारे मूल उत्तम साहाय्यक ठरतेच असे नाही. हातच्याची वजाबाकी ज्याला एका वाचनात समजली, त्याला दुसऱ्याचे कोठे अडते ते दिसत नाही. गेल्या महिन्यात जो स्वतः अडला होता, त्याला ते दिसते. त्याला एकच नियम शिकवावा : उत्तर सांगायचे नाही, ‘तू हे कसे केलेस?’ असे विचारायचे. दहा-पंधरा मिनिटे, एका वेळी दोन किंवा तीन मुले, याहून अधिक भार नको. हिंजवडीकडील वर्गात मराठी आणि घरची भाषा दोन्ही जाणणारी मुलगी नव्या मुलासाठी दुभाषी होऊ शकते. परंतु शिक्षकाने तिच्याकडून त्या भाषेतील पन्नास शब्द शिकून घ्यावेत, नाहीतर वर्षभर तिची पाटी कोरी राहील. शिक्षेचा अधिकार साहाय्यकास कदापि देऊ नये. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावयास लावणे हाही त्याचाच सौम्य प्रकार होय, आणि त्यातून शाळा सुटल्यावरची भांडणे जन्मतात.

धम्मवर्ग चालविणाऱ्या उपासक-उपासिकांनी यासाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, मुलाचे नाव, दिलेले काम, आणि त्या वेळात बुडालेला पाठ, असे चार रकाने पुरेत. वर्ग संपल्यावर शेवटचा रकाना पाहावा, ज्याचा पाठ बुडाला त्याला थांबवून तो शिकवावा, आणि मग विहारास कुलूप लावावे.