घरांतील बिनतारी इंटरनेट मंद कां होतें?

सांगलीच्या एका जुन्या वाड्यांत, माजघरांत अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध गृहस्थ रोज रात्रीं नऊ वाजण्याची वाट पाहत. पुण्यास नोकरीनिमित्त राहणारा त्यांचा मुलगा त्या वेळीं मोबाइलवर व्हिडिओ-कॉल करी. परंतु दोन वाक्यें झालीं न झालीं तोंच मुलाचा चेहरा पडद्यावर थिजे, शब्द तुटत, आणि ‘ऐकूं येतें का?’ या प्रश्नांतच अर्धा वेळ संपे. घरांतील मंडळींनीं यावर एकच उपाय योजला होता : कंपनीस अधिक पैसे द्यावयाचे आणि १०० मेगाबिटांच्या जोडणीऐवजीं ३०० ची घ्यावयाची. हा खर्च व्यर्थ गेला असता. तो कां, हें समजून घेणें पुष्कळ घरांच्या हिताचें आहे.

इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांचा मानावा. पहिला टप्पा कंपनीच्या केंद्रापासून घराच्या दारापर्यंत. तो हल्लीं बहुधा कांचेच्या तंतूंतून होतो. दुसरा टप्पा राउटर नांवाच्या पेटीपासून हातांतील यंत्रापर्यंत. तो बिनतारी लहरींचा. नगरपालिकेचें पाणी अंगणांतील तोटीला जोरांत येत असून माडीवर मात्र बारीक धार पडत असेल, तर नगरपालिकेकडे अर्ज करून कांहीं साधत नाहीं. घरांतला नळ तपासावा लागतो. इंटरनेटचेंही तसेंच आहे. दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें ठरविणें, ही पहिली पायरी होय.

त्याची कसोटी अवघड नाहीं. लॅपटॉप तारेनें सरळ राउटरला जोडावा, त्याचें वाय-फाय बंद करावें, घरांतील इतर यंत्रें थोडा वेळ थांबवावीं आणि वेग मोजून आंकडा टिपून ठेवावा. मग तार काढून राउटरसमोर बिनतारी वेग मोजावा, आणि शेवटीं ज्या खोलींत त्रास होतो तेथें मोजावा. प्रत्येक ठिकाणीं तीनदां मोजल्यास चुकीचा संभव कमी होतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते, तर फाइल उतरवून घेतांना यंत्र पुष्कळदां तो मेगाबाइटांत दाखवितें. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास १२.५ मेगाबाइट हीच कमाल मर्यादा. पडद्यावर बारा दिसले म्हणून फसवणूक झाली असें समजूं नये.

उपरोक्त वाड्यांत मोजणी झाली तेव्हां तारेनें ९४ मेगाबिट भरले, सोप्यांत राउटरसमोर ७०, आणि माजघरांत अवघे २. तेही क्षणांत असत, क्षणांत नसत. व्हिडिओ-कॉलला स्थिर असे दोन ते चार मेगाबिट पुरतात. म्हणजे गरज चारांची, दाराशीं आलेले ९४, आणि तरीही माजघरांत दुष्काळ! दोष कंपनीकडे नव्हता. तो सोपा आणि माजघर यांच्या मधल्या भिंतींत होता. तीनशें मेगाबिट घेतले असते, तरी तेही सोप्यांतच राहिले असते.

भिंत लहरींना कशी अडविते, हें पाहण्यासारखें आहे. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतें : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्या पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्यांतील सुमारें सहा सेंटिमीटर. मध्यम लहरींवरून होणाऱ्या आकाशवाणीच्या प्रक्षेपणाची लहर शेंकडों मीटर लांब असते आणि तिच्या प्रक्षेपकाची शक्ति किलोवॅटांत मोजतात. ती गांवें ओलांडून रेडिओपर्यंत पोंचते. घरगुती राउटरची शक्ति बहुधा एका वॅटाहूनही कमी असते. दगडमातीची दीड हात रुंदीची भिंत, लोखंडी सळया घातलेलें कांक्रीट, पाण्याची टांकी, मोठा आरसा, लोखंडी कपाट, यांतील प्रत्येक वस्तु या दुबळ्या लहरींचा कांहीं भाग गिळून टाकते किंवा परतवून लावते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर जवळच्या जवळ वेगवान, परंतु भिंतीशीं लवकर हार खाते. २.४ ची लहर मंद, परंतु अधिक दूर जाते. राउटरच्या खोलींत पहिली आणि भिंतीपलीकडे दुसरी वापरून पाहावी.

यावरून राउटर कोठें असावा हेंही उमगतें. पुष्कळ घरांत तो नजरेस पडूं नये म्हणून कपाटांत किंवा टीव्हीच्या मागें दडविलेला असतो. वाड्यांतही तो फडताळांत, एका पत्र्याच्या पेटीशेजारीं ठेवलेला होता. दिवा पेटीत झांकून उजेडाची अपेक्षा करण्यासारखेंच हें आहे. राउटर घराच्या शक्य तितका मध्यावर, उघड्यावर, जमिनीपासून उंच आणि धातूच्या वस्तूंपासून दूर असावा.

पुण्यामुंबईच्या इमारतींत भिंतींहून गर्दीचा त्रास अधिक. भारतांत २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ सालीं आणि ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत भाग २०१८ सालीं परवान्यावांचून सर्वांस खुला झाला. जें सर्वांस खुलें, तेथें दाटी होणारच. २.४ च्या पट्ट्यांत चॅनेल १३ असले तरी शेजारचे चॅनेल एकमेकांवर पडतात. सामान्यतः १, ६ आणि ११ हे तीनच परस्परांपासून अलग राहतात. शेजारच्या दहा घरांचे राउटर एकाच चॅनेलवर असतील, तर राउटरच्या मांडणींत जाऊन कमी गर्दीचा चॅनेल निवडावा, किंवा ५ च्या पट्ट्याकडे वळावें. तेथें जागा अधिक आहे. ब्ल्यूटूथची यंत्रें २.४ च्याच पट्ट्यांत बोलतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारें २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालते. जेवण गरम करतांनाच बोलणें तुटत असेल, तर कारण शोधावयास दूर जावयास नको.

गर्दी घरांतल्या घरांतही होते. वर्गांत एका वेळीं एकाच मुलानें बोलावें असा जो नियम, तोच एका चॅनेलवर लागू असतो. दूरच्या खोलींतील जुना मोबाइल अडखळत, सावकाश बोलूं लागला, म्हणजे त्याचें संपेपर्यंत जवळच्या वेगवान यंत्रांनाही थांबावें लागतें. शिवाय मोबाइल आपणहून छायाचित्रें दूरच्या भांडारांत पाठवूं लागतो, तेव्हां बाहेर जाण्याचा मार्ग भरून जातो व चालू असलेलें संभाषण खोळंबतें.

तारेनेंही वेग कमी भरला, तर दोष पहिल्या टप्प्यांत किंवा खुद्द राउटरांत शोधावा. राउटर मिनिटभर बंद करून पुन्हां चालूं करावा; तो फार तापत असल्यास हवेशीर जागीं ठेवावा. तारही तपासावी. हजार मेगाबिटांच्या वेगास तारेंतील आठही वाहक लागतात. एखादा तुटला तर जोडणी बहुधा शंभरावर उतरते, आणि वरून कांहींच दिसत नाहीं. तार बदलूनही वेग कमीच राहिला आणि तो विशेषतः संध्याकाळीं घसरत असेल, तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आंकडे तारखेनिशीं वहींत टिपावे व ते घेऊन कंपनीकडे तक्रार करावी. नुसत्या ‘नेट चालत नाहीं’ या वाक्यापेक्षां अशा नोंदीस वजन असतें. तक्रारीचा क्रमांक मागून घेण्यास विसरूं नये.

एका वेळीं एकच बदल करावा व पुन्हां मोजावें, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. नाहीं तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. वाड्यांत तो पाळला गेला. राउटर फडताळांतून काढून माजघराच्या दारालगतच्या उंच फळीवर ठेवला. माजघरांत २ चे ९ झाले. तरीही नऊ वाजतां बोलणें अधूनमधून तुटेच. शोधाअंतीं कळलें, कीं त्याच वेळीं नातवाचा मोबाइल दिवसभराचीं छायाचित्रें पाठवीत असे. तें काम मध्यरात्रीवर ढकललें. भिंतीपलीकडे लहरींची पुनरावृत्ति करणारें यंत्र बसवावें असेंही कोणी सुचविलें; परंतु असें साधें यंत्र एकाच चॅनेलवर ऐकतें आणि बोलतें, त्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो; आणि जेथें लहरच पोंचत नाहीं तेथें तें ठेवलें, तर पुनरावृत्ति करावयास त्याच्याजवळ कांहींच नसतें. त्याऐवजीं चौकटीच्या कडेनें एक तार माजघरांत नेली आणि तिच्या टोंकास दुसरी लहान वाय-फाय पेटी जोडली. तारेला भिंतीची अडचण नसते. माजघरांत ६० च्या वर आंकडा दिसूं लागला. खर्च एकदांच झाला. महिन्याचें बिल जेवढें होतें तेवढेंच राहिलें.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. मंद इंटरनेटवर पैसा खर्चण्यापूर्वीं घरधन्यानेंही एवढा धीर धरावा. सांगलीच्या त्या माजघरांत आतां रात्रीं नऊला मुलाचा चेहरा थिजत नाहीं, आणि वृद्ध गृहस्थ ‘ऐकूं येतें का?’ असें विचारीत नाहींत, ‘जेवलास का?’ असें विचारतात.