पाठीवरचं पाणी, खिशातला खाऊ

डोंगरातली धाव : लेखांक 6

मागच्या लेखात बुटांचा विषय संपवला. या आठवड्यात पिशवी भरायला घेऊ. उदाहरणाला सिंहगड–राजगड–तोरणा ही वाट धरतो, कारण पुण्याकडच्या डोंगरांत धावणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात पहिल्यांदा हीच वाट भरते, आणि पिशवीचे जवळपास सगळे प्रश्न तिच्यावर एकदम समोर येतात. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. तीन किल्ले, मध्ये विंझर-साखर-गुंजवण्याकडची गावं, आणि पाय थकल्यावर वाट्याला येणारी राजगड ते तोरणा ही लांब उघडी धार. कसलेल्या माणसाला आठ-दहा तास लागतात, बाकीच्यांना बारा-चौदा.

कुणाची मदत न घेता धावायचं म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवून घ्यायला हवं. लांब पल्ल्याची डोंगरधाव करणाऱ्यांमध्ये याच्या दोन तऱ्हा मानल्या जातात. एकीत लागणारं सगळं सुरुवातीपासून पाठीवर असतं. वाटेत घ्यायचं ते फक्त झऱ्याचं किंवा टाक्याचं पाणी. दुसरीत वाटेवरच्या दुकानात, टपरीत जे कुणालाही मिळेल ते विकत घेतलेलं चालतं, पण आपल्यासाठी मुद्दाम कुणी डबा घेऊन उभं राहायचं नाही. आपण ही दुसरी तऱ्हा धरू. सिंहगडावरच्या मावशींकडून ताक घेतलं तर ते नियमात बसतं. मित्र विंझरला गाडी घेऊन थांबला तर नाही बसत. टपऱ्यांची गर्दी मात्र शनिवार-रविवारची असते. मंगळवारी पहाटे निघणाऱ्याने त्या बंदच असणार असं समजून निघावं.

पिशवी भरताना बहुतेक जण एकूण अंतराचा विचार करतात. पन्नास किलोमीटर म्हणजे इतकं पाणी, इतकं खाणं, असा हिशेब लावला की पिशवी पहिल्याच चढाला जड होते. माझं ठाम म्हणणं असं, की पिशवी भरायची ती वाटेतल्या सगळ्यात लांब कोरड्या टप्प्यासाठी. बाकी सगळं त्यातून आपोआप ठरतं.

या वाटेवर तो टप्पा कुठला ते बघू. सिंहगडावर पाणी आहे. कल्याण दरवाजाने उतरून विंझरकडे गेलं की गावं लागतात, गुंजवण्यातही पाणी मिळतं. चोर दरवाजाने राजगडावर पोचलं की पद्मावती माचीवर देवळाजवळ टाक्यांचं पाणी आहे. पण संजीवनी माचीकडे जाऊन अळू दरवाजातून उतरलं, की थेट तोरण्यापर्यंत भरवशाचं पाणी नाही. मध्ये गाडीरस्ता आडवा जातो, आसपासच्या एखाद्या घरी ताक-पाणी मिळतंही. पण ते मिळालं तर आनंद मानायचा, त्यावर बेत आखायचा नाही. या धारेवर तीन ते पाच तास जातात, आणि पहाटे निघालेला माणूस तिथे पोचतो तो नेमका उन्हाच्या वेळी.

उन्हात धावताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी सहज लागतं. चार तासांचे अडीच लिटर होतात आणि अडीच लिटर म्हणजे अडीच किलो. हे अडीच किलो सिंहगडापासून वाहून नेण्यात काहीच अर्थ नाही. छातीवरच्या खिशांत अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या ठेवा आणि पाठीमागच्या कप्प्यात दीड लिटरचं ब्लॅडर रिकामं, गुंडाळी करून ठेवा. पद्मावती माचीवर ते पहिल्यांदा भरायचं. राजगडापर्यंत तुमच्या अंगावर एक लिटरपेक्षा जास्त पाणी असायची गरज पडत नाही. होळीनंतर मात्र टाक्यांची पातळी खाली जाते. तेव्हा आदल्या आठवड्यात कुणी जाऊन आलं असेल तर विचारून घ्यावं.

टाक्याचं पाणी तसंच पिऊ नये. वर येणारी माणसं वाढली आहेत आणि त्या पाण्यात काय काय धुतलं जातं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाटलीच्या तोंडाला बसणारे छोटे फिल्टर गाळ आणि जिवाणू अडवतात, पण विषाणू त्यांच्यातून निसटतात. क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबणं हा स्वस्त आणि बिनवजनाचा उपाय. गोळी ब्लॅडरमध्ये टाका आणि तो अर्धा तास छातीवरच्या बाटल्यांवर काढा. अर्थात त्या बाटल्यांतलं आधीचं, गावातलं चांगलं पाणी तोवर शिल्लक ठेवलेलं हवं.

आता खाण्याचं गणित. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला पन्नास किलोमीटरला तीन हजार. दर हजार मीटर चढाईला त्यात साडेपाचशेच्या आसपास भर पडते. या वाटेवर दोन हजार मीटर चढ धरला तरी एकूण खर्च चार हजारांच्या पुढे जातो. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन दोन हजारांच्या घरातलं. उरलेला खर्च अंगातली चरबी आणि वाटेतलं खाणं यांनी भागवायचा. पोट एका तासात साधारण 60 ग्रॅम ग्लुकोज पचवू शकतं, फ्रुक्टोज सोबत असेल तर सरावाने 90 ग्रॅमपर्यंत. गुळात आणि साखरेत हे दोन्ही असतात, त्यामुळे गुळाच्या खाऊला महागड्या जेलपुढे मान खाली घालायचं कारण नाही.

ताशी 50 ग्रॅम कर्बोदकं धरली तर दहा तासांच्या 2000 किलोकॅलरी होतात. खजूर, चिक्की, लाडू, दशमी असं मिसळून नेलं तर या सगळ्याचं वजन अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम भरतं. म्हणजे दिवसभराचं अन्न हे एका लिटर पाण्याहूनही हलकं. वजन कमी करायचं म्हणून लाडू घरी ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून बघावा.

सहारातल्या मॅरेथॉन दे साब्लमध्ये हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. 1984 साली पात्रिक बोएर हा फ्रेंच तरुण सहारा ओलांडायला एकटा निघाला. पाठीवर 35 किलो ओझं घेऊन 12 दिवसांत त्याने सुमारे 350 किलोमीटर वाट कापली. त्या अनुभवातून 1986 मध्ये मोरोक्कोत ही शर्यत सुरू झाली. धावणाऱ्याने आपलं अन्न आणि सामान पाठीवर न्यायचं, दिवसाला किमान 2000 किलोकॅलरी दाखवायच्या, आणि पिशवी साडेसहा ते पंधरा किलोंच्या दरम्यान ठेवायची, असा तिचा नियम राहिला आहे. पाणी मात्र आयोजक मोजून देतात. आठवड्याचं अन्न माणूस पाठीवर नेऊ शकतो, आठवड्याचं पाणी नाही.

काय न्यायचं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. पहिली पसंती गोड दशमीला. कणीक दुधात विरघळवलेल्या गुळाने भिजवायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही, तुपावर मंद भाजायची. ती मऊ राहते, दोन दिवस टिकते, आणि प्रवासाला दशमी बांधून द्यायची आपल्याकडची जुनी रीतच आहे. चार तुकडे करून प्रत्येक तुकड्याची सुरळी वेगळी बांधा. चढावर, जिथे आपण चालतोच, तिथे एक सुरळी आरामात संपते. बी काढलेला खजूर उतारावर आणि सपाटीवर बरा, दोन चावांत गिळून होतो. शेंगदाण्याची चिक्की वजनाला फार चांगली, पण धाप लागलेली असताना कडक चिक्की चावता येत नाही आणि दाण्याचा कण घशात अडकतो. ती विसाव्याला खायची. राजगिऱ्याचा लाडू खिशात चुरा होतो आणि कोरड्या तोंडात पीठ धरतो, म्हणून तो मी नेत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ-जिरं लावून नेल्या तर पहिल्या चार-पाच तासांत संपवा, उन्हात त्या आंबतात. ज्वारीची भाकरी पोटात रेंगाळते. ती घरी परतल्यावर, पिठल्यासोबत.

सहाव्या-सातव्या तासाला गोड नकोसं होतं. हे जवळपास प्रत्येकाला होतं, आणि खाणं तिथेच थांबतं, मग पुढच्या तासाभरात पाय गळतात. त्यासाठी खारं-आंबट वेगळं ठेवायचं: खारे दाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. लोणच्याची फोड जिभेवर ठेवली की तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास जातो.

मिठाबद्दल थोडं सावकाश सांगायला हवं. घामातून सोडियम जातं, आणि माणूस नुसतं पाणी पीत राहिला तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, पुढे भ्रम, अशी त्याची लक्षणं. ती पाणी कमी पडल्यासारखी वाटतात म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यावं, ठरवून लिटरच्या लिटर ढोसू नये. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज आहे, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर ते दुप्पट दाट होतं आणि पोट बिघडवतं. घरीच अर्ध्या लिटरच्या पुड्या बांधून घ्याव्यात. दोन बाटल्यांपैकी एकीत हे पाणी, दुसरीत साधं.

खाण्यापाण्याखेरीज जे नेतो त्यातलं बरंचसं लागू नये अशीच इच्छा असते. युरोपातल्या मोंब्लाँभोवतीच्या शर्यतीत शिट्टी, फॉइल ब्लँकेट, टोपी जोडलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, हेडटॉर्च हे सगळं सक्तीचं असतं. आपल्याकडे एकट्याने निघणाऱ्याला विचारणारं कुणी नसतं, म्हणून स्वतःलाच सक्ती करायची. फॉइल ब्लँकेट साठ-सत्तर ग्रॅमचं असतं. घोटा मुरगळून धारेवर रात्र काढायची वेळ आली, तर डिसेंबरातल्या वाऱ्यात घामाने भिजलेल्या अंगाला तेवढाच आधार. हेडटॉर्च दिवसाच्या धावेलाही घ्याच. दोन तासांचा उशीर झाला तर तोरण्याची उतरण अंधारात येते आणि घसाऱ्यावर मोबाइलचा उजेड पुरत नाही, शिवाय एक हात अडकतो. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, थोडं व्हॅसलिन, नकाशा उतरवून घेतलेला फोन विमान मोडवर, छोटी पॉवर बँक, आणि दहा-वीसच्या नोटा. काठ्या घेतल्या तर घडी होणाऱ्याच. चोर दरवाजाच्या चढाला दोन्ही हात मोकळे लागतात.

पिशवीत काय कुठे आहे यावर ते वापरलं जाईल की नाही हे ठरतं. थकलेला माणूस पिशवी उतरवून चेन उघडत नाही. म्हणून पुढच्या दोन तासांचं खाणं छातीवरच्या आणि कमरेच्या खिशांतच हवं, आणि पाणी भरायला थांबलं की पाठीमागून पुढचा हप्ता खिशांत आणायचा. ब्लॅडर पाठीला चिकटून, वरच्या बाजूला. खाली लोंबलं तर प्रत्येक पावलाला आपटतं. जॅकेट त्याच्या बाहेर. ब्लँकेट आणि बँडेज तळाशी, पण एकाच लाल पिशवीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधावं लागलं तरी सापडेल. शिट्टी खांद्याच्या पट्ट्यालाच बांधलेली. दोन्ही बाटल्या आलटून पालटून प्याव्यात, नाहीतर एक खांदा ओढला जातो.

हे सगळं भरून आधी एका रात्री कात्रज ते सिंहगड करून बघा. तेरा-चौदा टेकड्यांची ती वाट पुरेशी त्रास देते. कुठला पट्टा मानेला घासतो, कुठला खिसा हाताला येत नाही, कुठला खाऊ घशाखाली उतरत नाही, हे तिथे कळतं. परत आल्यावर पिशवी रिकामी करताना न खाल्लेला खाऊ काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

पुढच्या लेखात रात्रीची धाव: ढोरवाटांच्या जाळ्यात मूळ वाट कशी ओळखायची, आणि हेडटॉर्चचा झोत किती आणि कुठे ठेवायचा.