नातवंडांची भेट नाकारली जातेय? आजी-आजोबांसाठी कायदा काय सांगतो, जाणून घ्या

मुलाच्या निधनानंतर सून नातवाला घेऊन माहेरी गेली आणि हळूहळू फोनही बंद झाले. किंवा मुलाचा घटस्फोट झाला आणि भेटीचे वार फक्त आई-वडिलांसाठी ठरले. अशा वेळी आजी-आजोबांना दाद मागता येते का?

वेगळा कायदा आहे का?
नाही. आजी-आजोबांना किंवा भावंडांना भेटीचा थेट हक्क देणारं कलम भारतात नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाह आणि मालमत्तेविषयी आहे, नातवंडांच्या भेटीविषयी नाही. हिंदू कायद्यानुसार वडिलांनंतर आई ही मुलाची नैसर्गिक पालक असते.

मग अर्ज कुठे करायचा?
कुटुंब न्यायालयात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये अल्पवयीन मुलाचं पालकत्व, ताबा आणि भेट असे तिन्ही विषय येतात. आधार असतो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा. मूल जिथे राहतं, तिथेच अर्ज करावा लागतो. आजोबा सांगलीत आणि नात पुण्यात असेल, तर अर्ज पुण्यात.

न्यायालय काय पाहतं?
मुलाचं हित. ‘आमच्या घराण्याचा वारस’ हा युक्तिवाद पुरत नाही. मुलाला लळा आहे का, शाळा आणि दिनक्रम सांभाळून भेट शक्य आहे का, हे महत्त्वाचं. समज आलेल्या मुलाचं मतही विचारात घेतलं जातं. कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या एका मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी आजी-आजोबांकडे दिला. केवळ वय किंवा उत्पन्नावर निर्णय होऊ शकत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

भावंडांची ताटातूट झाली तर?
एक मूल आईकडे, दुसरं वडिलांकडे असेल, तर सुट्ट्या आणि भेटीचे दिवस दोघांना एकत्र मिळावेत, अशी मागणी ताब्याच्या दाव्यातच करता येते.

अर्जात काय असावं?
सुनेविरुद्धच्या तक्रारींपेक्षा नातवाशी असलेल्या नात्याचे पुरावे द्यावेत. त्याला कोण सांभाळत होतं, शाळेत कोण सोडत होतं, हे सांगावं. मागणी मोजकी ठेवावी : महिन्यातले दोन रविवार, वाढदिवस, व्हिडिओ कॉल. न्यायालयातील समुपदेशकांसमोर तडजोडीचा मार्गही खुला असतो.

कायदा बदलणार का?
विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या भेटीचाही विचार केला होता. त्या शिफारशींचा कायदा झालेला नाही. तोवर हा हक्क आजी-आजोबांचा म्हणून नव्हे, तर मुलाची गरज म्हणूनच मागावा लागेल.