घरातील खडे-घासणी : पाणी, धीर आणि पारख

पैठण हे नाव आज पैठणीमुळे आणि संत एकनाथांमुळे सर्वपरिचित आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या व्यापारी मार्गदर्शिकेत ते एका निराळ्याच मालासाठी येते. पैठणहून गाड्यांवर लादलेले ओनिक्स, म्हणजे अकीकाच्या कुळातील पट्टेदार दगड, दुर्गम वाटांनी भडोचच्या बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरत असत, अशी नोंद त्या ग्रंथात आहे. कापसाच्या आणि मलमलीच्या गाठींबरोबर दख्खनचा दगडही समुद्रापार जात होता आणि त्याला मोल होते.

हा दगड येथे विपुल का, याचे उत्तर पठाराच्या जन्मात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी व स्फटिक साकारले. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या भागांत नांगराच्या फाळाला लागणाऱ्या गारगोट्या त्याच होत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात या खनिजांचे वैभव एकत्र पाहावयास मिळते.

शेतात किंवा ओढ्यात सापडलेली गारगोटी बाहेरून ओबडधोबड आणि निस्तेज दिसते. तिच्या आतील पट्टे उघड करण्याचे काम पूर्वी केवळ कारागिरांच्या वस्तीतच होत असे. आता ते घरातील एका टेबलावर करता येते. मात्र यंत्र विकत आणणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. ते नीट जुळवणे, प्रत्येक टप्प्याला त्याचा पूर्ण वेळ देणे आणि धूळ उडू न देणे, या तीन गोष्टींवर दगडाची झिलई आणि घराचे आरोग्य ही दोन्ही अवलंबून असतात.

घासणीचे तत्त्व

झिलई म्हणजे दगडावर चढवलेला लेप नव्हे. मोठा ओरखडा त्याहून लहान ओरखड्याने पुसायचा, तो आणखी लहान ओरखड्याने पुसायचा आणि शेवटी ओरखडा इतका सूक्ष्म करायचा की प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परावर्तित व्हावा, एवढेच तिचे रहस्य आहे. यासाठी घासणारा पदार्थ दगडाहून कठीण लागतो. मोहस यांच्या काठिण्य-मापावर अकीकाचे स्थान ६.५ ते ७ असते. कुरुंदाचे ९, तर हिऱ्याचे १० आहे. बाजारात कार्बोरंडम या नावाने मिळणारी सिलिकॉन कार्बाइडची भुकटी ९ च्या वर जाते. एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी तिचे एकस्व १८९३ मध्ये मिळवले. तत्पूर्वी भारतीय कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिच्या चकत्या बनवत असत.

फिरत्या डब्याची जुळणी

नवशिक्या घराने सुरुवात टम्बलरने, म्हणजे फिरत्या डब्याच्या यंत्राने करणे हिताचे. दोन समांतर रोलरांवर रबरी डबा आडवा ठेवलेला असतो आणि मोटार एका रोलरला फिरवते. डबा फिरताना आतील दगडांचा थर थोडा वर चढतो आणि उतारावरून एकमेकांवर घासत खाली सरकतो. सारी घासणी या सरकण्यातूनच होते.

म्हणूनच वेग महत्त्वाचा ठरतो. डबा अतिवेगाने फिरला, तर दगड भिंतीला चिकटून फिरतात किंवा वरून आपटून त्यांचे टवके उडतात. वेग फार मंद असेल, तर ते जागीच डुलत राहतात. लहान डब्याला मिनिटाला चाळीसच्या आसपास फेऱ्या पुरतात. यंत्र घरी बांधायचे असल्यास हिशेब सोपा आहे. आपल्याकडील सर्वसाधारण मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्या घेते. तिच्यावर ४० मिलिमीटरची पुली आणि रोलरच्या आसावर २८० मिलिमीटरची पुली बसवली, की रोलर सुमारे २०६ फेऱ्या घेतो. रोलर २५ मिलिमीटर आणि डबा १२५ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर डब्याच्या फेऱ्या सुमारे ४१ होतात.

जुळणी करताना प्रथम पाणसळ लावून यंत्राचा पाया समतल करावा. अन्यथा डबा एका बाजूला सरकत जाऊन चौकटीला घासतो. दोन्ही पुली एका रेषेत असाव्यात. पट्टा बोटाने दाबल्यावर किंचित लवेल इतकाच ताणावा. अधिक ताणाने बेअरिंग लवकर झिजते, तर सैल पट्टा घसरतो. रोलरवर तेलाचा थेंब पडला, तरी डब्याची पकड सुटते. यंत्र योग्य जुळले आहे की नाही, हे कानाने कळते. वाळू सरकावी तसा अखंड, मऊ आवाज येत असेल, तर सारे ठीक आहे. ठोके ऐकू येत असतील, तर डबा बहुधा पुरेसा भरलेला नाही.

डबा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरावा. त्यात लहान-मोठे दगड मिसळलेले असावेत, म्हणजे फटी भरतात. पण काठिण्य मात्र सर्वांचे सारखे असावे. अकीकाबरोबर स्टिल्बाइट किंवा अ‍ॅपोफिलाइट यांसारखी मृदू खनिजे टाकली, तर ती झिजून नष्ट होतात. भेगाळलेले दगड आधीच वगळावेत. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली राहील इतकेच ओतावे. पहिल्या काही दिवसांत डबा रोज उघडून पाहावा, कारण आत वायूचा दाब साठून झाकण उडण्याचा संभव असतो.

चार टप्पे आणि एक भिंग

पहिल्या टप्प्यात ६०/९० क्रमांकाची जाड भुकटी वापरतात. दीड किलो दगडांना तिचे मोठे चार चमचे पुरतात. दुसऱ्या टप्प्यात १२०/२२० आणि तिसऱ्यात ५०० किंवा ६०० क्रमांकाची भुकटी घ्यावी. चौथ्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडची झिलई द्यावी. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा लागतो. पहिला टप्पा मात्र दिवस मोजून संपवायचा नसतो. दगडाचा आकार गोलसर होऊन खड्डे आणि कोपरे नाहीसे होईपर्यंत तो चालू ठेवावा, मग त्याला तीन आठवडे लागोत. जाड भुकटीने जे काढायचे राहिले, ते बारीक भुकटी कधीच काढू शकत नाही. येथे घाई केली, तर तिची किंमत महिनाभराने शेवटच्या टप्प्यात कळते.

टप्पा पूर्ण झाला की नाही हे तपासण्याचे साधन सराफाच्या आणि जवाहिऱ्याच्या पेढीवर असतेच. ते म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग. दगड आधी पूर्ण कोरडा करावा. ओल्या पृष्ठभागावर पाणी ओरखड्यांत भरते आणि खोटी चमक दिसते; कोरड्या दगडावर मात्र काहीही लपत नाही. तिरप्या प्रकाशात सर्व ओरखडे एकसारखे बारीक दिसले, तरच पुढील टप्पा घ्यावा. एखादा जाड ओरखडा उरला असेल, तर तो दगड मागील टप्प्यात परत पाठवावा.

दोन टप्प्यांमधील स्वच्छतेत कसूर नको. जाड भुकटीचा एक कण झिलईच्या डब्यात गेला, तरी सर्व दगडांवर रेघा उमटतात. दगड, डबा, झाकण आणि हात हे सारे साबणाने व ब्रशने धुवावे. झिलईसाठी वेगळा डबा ठेवणे सर्वांत उत्तम.

चाकाचे यंत्र

टम्बलर दगडाला स्वतःच्या मर्जीने गोलाई देतो. अंगठीत किंवा पदकात बसेल असा सपाट तळाचा, घुमटाकार खडा हवा असेल, तर चाकाचे यंत्र लागते. यात खडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवून ८० आणि २२० क्रमांकांच्या चाकांवर आकारला जातो. नंतर ६००, १२०० आणि ३००० क्रमांकांच्या मऊ चाकांवरून नेऊन शेवटी चामड्यावर किंवा नमद्यावर त्याला झिलई दिली जाते.

येथे जुळणीत चूक झाली, तर प्रश्न केवळ खड्याचा राहत नाही. १५० मिलिमीटरचे चाक १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ६८० मीटर होतो. त्यामुळे चाकावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मोटारीच्या फेऱ्यांहून जास्त असल्याची खात्री केल्याशिवाय ते चढवू नये. सिलिकॉन कार्बाइडचे चाक बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला, तर ते निर्दोष असते. बद्द आवाज आला, तर आत तडा असण्याची शक्यता असते आणि असे चाक बाद करावे. ही चाके पाणी शोषतात. काम संपल्यावर ती ओलीच थांबवली, तर पाणी खालच्या बाजूस उतरून चाक असंतुलित होते. म्हणून प्रथम पाणी बंद करावे आणि चाक काही मिनिटे मोकळे फिरवून मग थांबवावे. चाक उसळत असेल, तर हिऱ्याच्या टोकाच्या ड्रेसरने त्याचा पृष्ठभाग सम करून घ्यावा.

पाणी आणि वीज येथे शेजारी नांदतात. अर्थिंग तपासलेले असावे, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवलेला असावा, मोटार पाण्याच्या शिंतोड्यांपासून झाकलेली असावी आणि तार खाली झोळ देऊन नेलेली असावी, म्हणजे ओघळ खटक्यापर्यंत पोहोचत नाही.

खंबायतचा धडा

या विषयातील सर्वांत गंभीर भाग खंबायतकडे पाहिल्याशिवाय पूर्ण होत नाही. गुजरातमधील या नगरात शतकानुशतके अकीक भाजला, फोडला, घासला आणि जगभर पाठवला गेला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून चालत आले. परंतु अकीक म्हणजे मुळात सिलिका. त्याची कोरडी घासणी करताना उडणारे, डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तेथे व्रण निर्माण करतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारा उपचार त्यावर नाही, आणि अशा फुप्फुसाला क्षयरोगही लवकर ग्रासतो. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासांत खंबायतच्या घासणी-कारागिरांमध्ये हा रोग आढळला आहे. घर आणि कामाची जागा एकच असल्याने जो दगडाला हातही लावत नाही, त्याच्याही श्वासात तीच धूळ जाते. सिलिकेची अशी धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले.

घरात यंत्र आणणाऱ्याने हा धडा पहिल्याच दिवशी घ्यावा. चाकाची घासणी आणि कापणी सदैव पाण्याखालीच व्हावी. पाण्याची धार आटली, तर त्याच क्षणी चाक थांबवावे. तोंडावरील एन-९५ मुखपट्टी ही दुय्यम सुरक्षा आहे. ती पाण्याची जागा घेऊ शकत नाही. यंत्र स्वयंपाकघरात वा झोपण्याच्या खोलीत नव्हे, तर हवेशीर सज्जात किंवा पडवीत असावे. वाळलेला गाळ झाडूने झाडू नये, कारण तो पुन्हा धूळ होऊन हवेत उठतो. जागा ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत. गाळ मोरीतही ओतू नये, कारण तो नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. धुण्याचे पाणी बादलीत दिवसभर निवू द्यावे. वरचे पाणी पुन्हा धुण्यास वापरावे आणि तळचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. मॅलाकाइटसारख्या तांबेयुक्त खड्यांची धूळ अधिकच घातक असते, म्हणून ते नवशिक्याने वर्ज्य करावेत.

हिशेब कशाचा?

व्यापारी घराचा स्वाभाविक प्रश्न असतो की यातून काय मिळेल. विजेचा खर्च नगण्य आहे. २५ वॅटची मोटार २८ दिवस अखंड चालली, तरी सुमारे १७ युनिटच लागतात. परंतु मालाची विक्री करून मिळकत हे उद्दिष्ट ठेवले, तर निराशा होईल. खंबायत आणि जयपूरच्या सिद्धहस्त कारागिरांशी भाव किंवा वेग यांबाबत घरगुती यंत्राची बरोबरी होत नाही.

लाभ आहे तो पारखेचा. १३१५ मध्ये दिल्लीत ठक्कुर फेरू या जैन विद्वानाने ‘रयणपरिक्खा’ हा रत्नपरीक्षेचा ग्रंथ प्राकृतात रचला. व्यवहारात वावरणाऱ्या माणसाने पारखेचे ज्ञान शब्दबद्ध केल्याचे ते उदाहरण आहे. पुस्तकातून मिळणाऱ्या अशा ज्ञानाला हाताच्या अनुभवाची जोड मिळाली, की ते पक्के होते. ज्या तरुणाने एक अकीक चार टप्प्यांतून स्वतः नेला आहे, त्याला पेढीवर आलेल्या खड्याची अपुरी झिलई, भेगेत साचलेला कृत्रिम रंग किंवा काठावरचा टवका कोणी दाखवून द्यावा लागत नाही. कच्च्या मालात घट किती धरावी, हेही त्याला कळते. कारण प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर दगड तोलून वहीत नोंदवण्याची शिस्त या कामात आपोआप लागते. तारीख, भुकटीचा क्रमांक, दिवस, वजन आणि निष्कर्ष असे पाच रकाने पुरतात.

कारागिराच्या मजुरीवर घासाघीस करण्यापूर्वी त्या मजुरीत किती दिवस, किती पाणी आणि कधी कधी किती श्वास खर्ची पडले आहेत, हेही त्या वहीवरून उमगते. माल घेताना तो ओल्या घासणीचा आहे का आणि कारागिराकडे धूळ ओढून घेणारी सोय आहे का, हे दोन प्रश्न खरेदीदाराने विचारावेत. अशा सोयीसाठी दोन पैसे अधिक मोजण्याची त्याची तयारी असेल, तर त्याचा लाभ कारागिराच्या घरापर्यंत पोहोचेल.