व्याख्यात्याआधी कागद

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की आपल्याकडे चित्र ठरलेले असते. शिवजयंतीचा मंडप, बाहेरगावचा वक्ता, शाल-श्रीफळ, दीड तास वीररस आणि शेवटी घोषणा. ऐकणाऱ्याला स्फुरण चढते, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी गावाच्या इतिहासात एका ओळीचीही भर पडलेली नसते. पन्हाळ्याजवळच्या कोडोलीसारख्या गावात इतिहासप्रेमी मंडळींनी वर्षभराची व्याख्याने आखायची ठरवली, तर त्यांनी आधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी रीत पाहावी.

हे मंडळ वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी काढले. पुण्याला तेव्हा व्याख्यानांची वाण नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला होतीच. मंडळाने मात्र पाक्षिक सभा आणि वार्षिक संमेलने भरवली. तिथे वक्तृत्वाला फारसा भाव नव्हता. हातात काय आणले आहे ते महत्त्वाचे: एखादा महजर, ताम्रपट, वंशावळ. आणलेले वाचायचे, त्यावर भांडायचे आणि छापून टाकायचे.

या रिवाजाचे फळ केवढे, ते जेधे शकावलीवरून कळते. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही तिथीवार टिपणे. सुरुवात औरंगजेबाच्या जन्मापासून, म्हणजे १६१८ पासून, आणि शेवट १६९७ च्या सुमारास. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा धरला जाई. शकावलीत निघाली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका कागदावर कोण विश्वास ठेवणार? वाद पेटला, अनेक वर्षे चालला. पुढे स. म. दिवेकरांना तंजावरात सापडलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आणि जोधपूरकडच्या, महाराजांच्या कुंडलीत तीच तिथी आली. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते, तिच्या मुळाशी एका देशमुखाच्या घरातले दप्तर आहे.

आता कोडोली. पन्हाळा उशाशी असल्यामुळे १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा दरवर्षी सांगितला जाणारच. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तर अधिकच. सांगा, पण वक्त्याकडे ‘शिवभारता’तले वेढ्याचे अध्याय असू द्या. एक व्याख्यान मिशनवर हवे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कोडोली हे पुढे मोठे ठाणे झाले, त्याच्या दवाखान्याचे नाव पंचक्रोशीत झाले. मिशनचे जुने कागद फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. शेजारच्या वारणानगरात तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना हा आणखी एक विषय. माळावर कारखाना उभा राहताना ज्यांनी शेअर घेतले, त्या पिढीतले जे कोणी उरले असतील, त्यांना व्यासपीठावर बसवण्यापेक्षा ओसरीवर बसवून रेकॉर्डर चालू करावा.

माझ्या मते सगळ्यांत कसदार विषय मात्र गावच्या दप्तराचा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली कुलकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले. पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्यांच्या घरोघर सांभाळलेले हिशेब, पाहण्या, निवाडे यांतले काय सरकारजमा झाले आणि काय माळ्यावर राहिले? हे प्रत्येक गावाला आपापले शोधावे लागेल. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जन्ममृत्यूची जुनी कोतवाल बुके एकाएकी मोलाची झाली आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांना शोधत माणसे फिरू लागली. म्हणून वर्षातली पहिली दोन-तीन सत्रे मोडी शिकवण्यात घालवावीत. गर्दी कमी होईल, होऊ द्या.

घरात जुना कागद असेल तर मूळ कुणाला देऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुणाच्या घरातला, कुठे सापडला ते लिहून ठेवा आणि सभेला घेऊन या. लॅमिनेशन मात्र करू नका. त्याने कागद कायमचा खराब होतो.