ब्रेकचे पेडल मऊ का पडते?

मोटारीच्या ब्रेकची एखादी गळकी नळी काढून नवी बसवली, की पुष्कळदा एक चमत्कारिक अनुभव येतो. काम व्यवस्थित झालेले असते. पण पेडलवर पाय ठेवावा, तर ओल्या स्पंजावर पाय पडल्यासारखे ते मऊपणे खाली जाते. भाग नवे, आणि ब्रेक मात्र पूर्वीपेक्षा वाईट! मेस्त्री सांगतात, "लाइनमध्ये एअर आहे, काढावी लागेल." चमचाभर हवेने एवढे काय बिघडते? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या दोन नियमांत आहे.

पहिला नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याचा. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. मोटारीत पेडलचा संबंध मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याशी असतो. तेथून द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या चारही चाकांपर्यंत जातात. तेथील मोठे दट्टे पुढे सरकतात आणि ब्रेकचे पॅड फिरत्या चकतीवर दाबतात.

काही सोयीचे आकडे घेऊ. पाय २०० न्यूटन बल लावतो. पेडल ही तरफ असल्याने मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर त्याच्या ५ पट, म्हणजे १००० न्यूटन बल येते. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर दाब दर चौ. सें.मी.ला २५० न्यूटन, म्हणजे सुमारे २५ वातावरणे झाला. चाकाकडील दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौ. सें.मी. असेल, तर त्यावर ५००० न्यूटन बल मिळते.

पण ही मिळकत फुकट नाही. बल वाढले तेवढे अंतर घटते. पेडल ५ सें.मी. खाली गेले, तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १ सें.मी. सरकतो आणि फक्त ४ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलतो. पेडलची एकूण चाल १२ सें.मी. धरली, तर आपल्या हाती १० घ. सें.मी.पेक्षाही कमी द्रव आहे. सारा हिशेब एवढ्यात भागवायचा!

आता हवा या हिशेबात कोठे येते ते पाहू. पाण्यासारख्या द्रवावर १ वातावरण जादा दाब दिला, तर त्याचे आकारमान सुमारे वीस हजारांश कमी होते. ब्रेकमधील द्रवही जवळपास असाच वागतो. तेव्हा २०० घ. सें.मी. द्रव २५ वातावरणे दाबाखाली अवघा पाव घ. सें.मी. आक्रसेल. पेडलच्या भाषेत हे फक्त ३ मिलिमीटर झाले.

हवेची गोष्ट वेगळी. तिला दुसरा नियम, बॉइलचा, लागू पडतो. तापमान स्थिर असेल, तर दाब जितक्या पट वाढतो तितक्या पट आकारमान घटते. नळीत ५ घ. सें.मी. हवा, म्हणजे चहाचा एक चमचाभर, राहिली असे समजू. तिच्यावर मुळात १ वातावरण दाब होताच; त्यात २५ ची भर पडून २६ झाला. हवेचे आकारमान ५ भागिले २६, म्हणजे ०.२ घ. सें.मी.हूनही कमी उरले. बाकीचे ४.८ घ. सें.मी. भरून काढण्यात पेडलची ६ सें.मी. चाल खर्ची पडली! पॅड चकतीला टेकवण्यास ४ सें.मी. लागत असतील, तर एकूण १० सें.मी. झाले. हवा ८ घ. सें.मी. असती, तर पेडल तळाला टेकले असते आणि हवा तेवढा दाब येण्यापूर्वीच चाल संपली असती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हवेमुळे पास्कलचा नियम मोडत नाही. बुडबुड्यातील दाब आणि भोवतालच्या द्रवातील दाब सारखाच असतो. हवा दाब खात नाही, ती पेडलची चाल खाते.

हे घरी करून पाहता येईल. सुया नसलेल्या प्लॅस्टिकच्या दोन न वापरलेल्या सिरिंज घ्या आणि सलाईनच्या नळीने जोडा. सर्व पाण्याने भरा, एकही बुडबुडा ठेवू नका. एक दट्ट्या दाबताच दुसरा हलतो. आता नळीत २ मिलिलिटर हवा येऊ द्या, दुसरा दट्ट्या बोटाने अडवून धरा आणि पहिला दाबा. बोटाला जाणवणारा मऊपणा म्हणजेच ते स्पंजासारखे पेडल.

ही हवा काढतात कशी? बुडबुडे वर जातात, म्हणून प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर सर्वांत उंच जागी हवा काढण्याचे छोटे निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बरणीतील द्रवात बुडवतात. एकजण पेडल सावकाश दाबून धरतो, दुसरा निपल सैल करतो; बुडबुडे बाहेर पडतात. पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावेच लागते, नाहीतर हवा परत आत शिरते. वरची टाकी रिकामी पडू देऊन चालत नाही. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर निपल खाली येते. मग कितीही वेळा हवा काढा, वरचा बुडबुडा तसाच राहतो!

पण दर वेळी दोष हवेचाच असतो असे नाही. पॅड बदलताना चाकाकडील दट्टे मागे ढकललेले असतात. त्यामुळे पहिल्यांदा पेडल तळाला जाते, पाच-सहा वेळा दाबल्यावर घट्ट होते आणि घट्टच राहते. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी हे करणे अत्यावश्यक आहे. भराभर दाबल्यावर पेडल घट्ट होत असेल, पण थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडत असेल, तर हवेचा संशय घ्यावा. आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरमधील झिजलेले रबर शोधावे. यांपैकी कोणत्याही स्थितीत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

आपण ज्याला ब्रेक ऑईल म्हणतो ते बहुधा तेल नसून ग्लायकोल वर्गातील द्रव असते. ते हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. बाष्प शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून चाके तापली, तर जुना द्रव उकळून वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दबते. काम करताना हवा शिरलेली नसतानाही पेडल मऊ पडते, तेही उतारावर! म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि द्रव मुदतीत बदलावा.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. वरील गाडीत २ घ. सें.मी. हवा राहिली, तर पेडल किती जास्त खाली जाईल? उत्तर सुमारे २.४ सें.मी. यायला हवे.